सल्ला: गणिताच्या बाईंनी चैतन्य सिद्ध करून द्यायचं का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतात. गावात दर गुरुवारी अध्यात्माचा अभ्यासवर्ग भरतो, त्याला अधूनमधून जातात. वर्ग चालवणारे काका त्यांच्या सासऱ्यांचे जुने स्नेही. पुढच्या महिन्यात वर्गाचा वर्धापनदिन आहे आणि ‘गणिताने सिद्ध झालेले चैतन्य’ या विषयावर ताईंनीच बोलावं असा काकांचा आग्रह आहे. मुद्देही त्यांनी लिहून दिले आहेत. अंकगणित म्हणजे काळ आणि भूमिती म्हणजे अवकाश. दोन्ही चैतन्यातूनच निघतात. यंत्राला न कळणारं सत्य माणसाला कळतं हे गोडेल या गणितज्ञाने सिद्ध केलं, म्हणून चैतन्य यंत्रापलीकडचं आहे हेही सिद्ध झालं. ताई लिहितात, “मला हे पटत नाही, पण नेमकं कुठे चुकतंय त्यावर बोट ठेवता येत नाही. नाही म्हटलं तर घरात वाईटपणा, आणि वर्गात ‘बाई नास्तिक आहेत’ असं होणार.” त्यातच नववीतल्या एका मुलाने विचारलं, “बाई, बिंदूला लांबीच नाही, मग बिंदूंची रेषा कशी होते?” आणि त्यांनी वेळ मारून नेली. बोलावं का, काय बोलावं, आणि पंचेचाळिशीत हा विषय मुळापासून शिकता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई,

बोला. फक्त त्या शीर्षकाखाली बोलू नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही न तपासता धरून चालला आहात. काकांचा युक्तिवाद नाकारला म्हणजे चैतन्य नाकारलं, असं तुम्हाला वाटतंय. एखादी सिद्धता फसली म्हणून विधान खोटं ठरत नाही, हे तुम्ही दहावीच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी बघता. मुलगा प्रमेय बरोबर लिहितो, सिद्धता चुकवतो, तुम्ही गुण कापता. म्हणून पायथागोरसवर तुमचा विश्वास नाही असं कोणी म्हणत नाही. इथेही तेवढंच करायचं आहे. चैतन्य आहे की नाही, कसं आहे, यावर तुम्हाला व्यासपीठावरून मत द्यायचंच नाही. गणिताच्या नावावर जे खपवलं जातंय त्यावर मात्र बोलायचं आहे, आणि त्याचा अधिकार त्या सभागृहात तुम्हालाच आहे.

काकांना हवा तो आधार आपल्याकडच्याच माणसाचा द्या. भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं आणि सांगितलं की तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही. सृष्टी निर्माण होताना आणि लय पावताना अनंत अच्युतात जसा फरक पडत नाही, तसंच. आज आपण शून्याने भागाकार करतच नाही, ते सोडा. ते ही गोष्ट कशी मांडतात ते बघा. ती उपमा म्हणून येते. खहर आहे म्हणून अच्युत आहे, असा अनुमानाचा उद्योग त्यांनी केलेला नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, १२०७ चा, नातू चांगदेवाच्या मठाचा. तेव्हा या माणसाला नास्तिक म्हणायची कोणाची प्राज्ञा नाही.

आता गोडेल. नेमकं चुकतं ते इथेच, म्हणून जरा थांबून बघू.

प्रमेय १९३१ चं. नियमांची एक यादी घ्या. तिला तीन अटी. सिद्धता बरोबर आहे की नाही हे यंत्रवत तपासता आलं पाहिजे. नैसर्गिक संख्यांच्या बेरजेबद्दल आणि गुणाकाराबद्दल त्या यादीत पुरेसं बोलता आलं पाहिजे. आणि तिच्यातून परस्परविरोधी निष्कर्ष निघता कामा नयेत, म्हणजे ती सुसंगत हवी. अशा यादीत एक तरी विधान असं राहतं की त्या नियमांनी ते सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. (गोडेलच्या मूळ मांडणीत तिसरी अट जास्त कडक होती. रॉसर या तर्कशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये ती एवढ्यावर आणली.) प्रमेय एवढंच. त्यात माणूस नाही, मन नाही, चैतन्यही नाही.

माणूस नंतर आणला गेला. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ ल्यूकस यांनी १९६१ मध्ये आणि भौतिकशास्त्रज्ञ पेनरोज यांनी १९८९ पासून असा युक्तिवाद केला की ते विधान यादीला सिद्ध करता येत नाही, पण ते खरं आहे हे आपल्याला दिसतं, म्हणून आपण यादीपेक्षा, म्हणजे यंत्रापेक्षा वरचढ. काकांच्या कागदावर आलंय ते हेच. तेव्हा ‘काहीतरी भोंदू’ म्हणून उडवून लावू नका; मोठी माणसं या मुद्द्यावर भांडली आहेत. पण त्यात एक पायरी गाळलेली आहे. आपल्याला खरोखर दिसतं ते इतकंच: ‘यादी सुसंगत असेल, तर ते विधान खरं आहे.’ आणि हे असेल-तर वाक्य, पेआनोच्या नियमांसारखी अंकगणिताची नेहमीची यादी असेल, तर ती यादी स्वतःसुद्धा सिद्ध करू शकते! गोडेलचं दुसरं प्रमेय, म्हणजे अशी यादी स्वतःची सुसंगती स्वतः सिद्ध करू शकत नाही हे, याच वाटेने निघतं. मग आपण पुढे कशात आहोत? यादी सुसंगत आहे हे आपल्याला ‘माहीत’ आहे, यात. आणि ते माहीत असतं का? जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने अंकगणिताचा पाया तर्कावर रचताना घेतलेली यादी त्याला स्वच्छ, निःसंशय वाटत होती. १९०२ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या रसेल या तत्त्वज्ञाचं पत्र आलं आणि तिच्यात विसंगती निघाली. फ्रेगेच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता. सुसंगती ‘दिसते’ असं त्या विषयातल्या सर्वांत काटेकोर माणसालाही वाटलं होतं, आणि ती नव्हती. पटनम या तत्त्वज्ञाने ल्यूकसच्या आधीच, १९६० मध्ये, या कच्च्या जागेवर बोट ठेवलं होतं.

स्वतः गोडेल काय म्हणाला, हे काकांना अवश्य सांगा. १९५१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सला दिलेल्या व्याख्यानात त्याने निष्कर्ष ‘किंवा’ घालून मांडला: एक तर माणसाचं मन कुठल्याही मर्यादित यंत्राच्या पलीकडे आहे, किंवा पूर्णांकांबद्दलचे काही प्रश्न माणसाला कधीच सुटणार नाहीत असे आहेत. त्याचा स्वतःचा कल पहिल्या पर्यायाकडे होता. तरी सिद्ध झालं म्हणून त्याने तो मांडला नाही. काकांच्या कागदावरून नेमका तो ‘किंवा’ गळला आहे.

याहून मजेदार गोष्ट भूमितीत आहे, आणि ती तुमच्या हाताशी आहे. तुमच्या नववीच्या भूमितीत पहिल्याच प्रकरणात दोन बिंदूंमधलं अंतर आणि दरम्यानता येते, म्हणजे हा बिंदू त्या दोघांच्या मध्ये आहे की नाही. पोलंडच्या टार्स्की या तर्कशास्त्रज्ञाने जवळपास एवढ्याच भांडवलावर, म्हणजे दरम्यानता आणि समान अंतर या दोन कल्पनांवर, प्राथमिक भूमिती उभी केली आणि दाखवून दिलं की ही भूमिती पूर्ण आहे. तिच्या भाषेत मांडलेलं कुठलंही विधान एक तर सिद्ध होतं किंवा खोडलं जातं, आणि कुठलं ते ठरवायची यंत्रवत रीतही आहे. रीत भयंकर संथ आहे, पण आहे. गोडेलचं प्रमेय इथे लागत नाही, कारण या भाषेत ‘पूर्ण संख्या’ म्हणजे काय हेच सांगता येत नाही. नुसत्या बेरजेचं अंकगणितही पूर्ण आहे. ते प्रेसबर्गर या तर्कशास्त्रज्ञाने १९२९ मध्येच दाखवलं होतं. पूर्ण संख्यांची बेरीज आणि गुणाकार एकत्र आले की मगच अपूर्णता येते.

मग काकांना विचारा: अपूर्णता हीच चैतन्याची खूण असेल, तर ती भूमितीत का नाही? बेरीज करताना नसलेलं चैतन्य गुणाकाराला येतं का? ‘अंक आणि आकृती दोन्ही एकाच चैतन्यातून’ हा त्यांचा दुसरा मुद्दा आणि गोडेलचा तिसरा मुद्दा एकमेकांच्या पायात पाय घालतात. दोन्ही एका व्याख्यानात बसणार नाहीत.

आणि मुळात, काय सिद्ध करता येतं हा क्षमतेचा प्रश्न झाला. दाढ दुखते तेव्हा जे जाणवतं ते कुठल्या सिद्धतेत बसतं? तान्ह्या बाळाला एकही प्रमेय येत नाही. त्याला जाणीव नाही असं कोण म्हणेल? उलट बाजूने बघा. अल्फाजॉमेट्री नावाच्या गूगलच्या संगणकप्रणालीने आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचे भूमितीचे ३० पैकी २५ प्रश्न दिलेल्या वेळेत सोडवले. २०२४ च्या जानेवारीत ते प्रसिद्ध झालं. तिला त्रिकोण दिसतो का? हा प्रश्न २५ चे ३० झाले तरी तिथेच राहतो. चैतन्याबद्दल कुतूहल असलेल्या माणसाने गोडेलच्या दारात फार वेळ उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे क्षमतेचा हिशेब मिळतो, अनुभवाचा नाही.

अंक म्हणजे काळ आणि आकृती म्हणजे अवकाश, हा पहिला मुद्दा जर्मन तत्त्वज्ञ कांटकडून आलाय. अवकाश हा बाहेरचं जाणण्याचा साचा, काळ आतलं जाणण्याचा. भूमिती पहिल्यावर उभी, आणि संख्या एकामागून एक एकक मिळवत काळात घडते. सुंदर मांडणी आहे, पण तिच्यावर एकमत कधीच नव्हतं. गाउस या गणितज्ञाने १८३० मध्ये बेसेल या खगोलशास्त्रज्ञाला लिहिलं की संख्या ही केवळ आपल्या मनाची निर्मिती, अवकाशाला मात्र मनाबाहेरही अस्तित्व आहे आणि त्याचे नियम आपण बसल्या जागी ठरवू शकत नाही. त्याच सुमारास लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांच्या भूमित्या आल्या, ज्यांत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते. डच गणितज्ञ ब्राउवरने १९०७ मध्ये कांटचा अवकाश सोडून दिला आणि काळ तेवढा ठेवला. फ्रेगे आयुष्यभर म्हणत राहिला की भूमितीला अंतर्ज्ञान लागतं, अंकगणिताला तर्क पुरतो. शेवटच्या वर्षांत तो उलटला आणि अंकगणिताचा उगमही भूमितीतच शोधायला लागला. ज्या प्रश्नावर फ्रेगेने शेवटी पाटी पुसली, तो तुम्ही वर्धापनदिनाच्या तासाभरात मिटवावा अशी अपेक्षा धरू नका.

प्रयोगांनीही ही वाटणी जरा विसकटली आहे. १९९३ मध्ये देहान या फ्रेंच मेंदूसंशोधकाने आणि सहकाऱ्यांनी लोकांना एवढंच विचारलं की पडद्यावरचा आकडा सम की विषम, दोन हातांच्या दोन बटनांनी सांगा. लहान आकड्यांना डावा हात पटकन चालला, मोठ्यांना उजवा. लहान-मोठेपणाचा प्रश्नच नव्हता, तरी तो डावी-उजवीकडे होऊन मध्ये आला. म्हणजे आपल्या डोक्यातला अंक निव्वळ काळात राहत नाही, त्याला जागा लागते. दुसरीकडे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत पाचाच्या पुढे संख्यांना शब्द नाहीत. मोठ्या संख्यांची नेमकी वजाबाकी त्यांना अडते, पण समांतर रेषा, काटकोन, सममिती त्यांना कुठल्याही शाळेशिवाय ओळखू येतात. एकीकडे अंक आणि अवकाश चिकटलेले, दुसरीकडे सुटे. यातून संख्या म्हणजे काय हे ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. माणसं मोजतात कशी एवढंच कळतं.

काकांना खरंच अंक, आकार आणि जाणीव एका धाग्यात हवे असतील, तर कांटपेक्षा घरचा माल जास्त चोख आहे, आणि मी तरी हाच भाग व्याख्यानात घेईन. वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनातली अपेक्षाबुद्धी. टेबलावर दोन खडू आहेत. प्रत्येकात ‘एक’पण आहे, ते खडूबरोबर असतंच. पण ‘दोन’पण? त्या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद म्हणतात, ‘हा एक, हा एक’ असं एकत्र घेणारं ज्ञान झालं की त्या ज्ञानामुळे खडूंमध्ये द्वित्व उत्पन्न होतं, आणि ते ज्ञान सरलं की द्वित्वही नाहीसं होतं. बारकाईने बघा: द्वित्व राहतं खडूंमध्ये, मनात नाही, पण जन्मतं मोजणाऱ्याच्या बुद्धीमुळे. संख्या मनात की बाहेर, या भांडणात असा मधला पक्ष फार थोड्यांनी इतका नेटका मांडलाय. त्यांची पुढची पायरी भूमितीशी जाते. परमाणूचं माप अतिसूक्ष्म. मापाने माप वाढवायचं तर सूक्ष्मापासून आणखी सूक्ष्मच होणार. म्हणून द्व्यणुकाचं, म्हणजे दोन परमाणूंच्या जोडीचं, माप परमाणूच्या मापातून येत नाही, दोन या संख्येतून येतं. आणि तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक दिसण्याइतकं मोठं होतं तेही तीन या संख्येमुळे. म्हणजे आकार संख्येतून, संख्या अपेक्षाबुद्धीतून. मग सृष्टीच्या सुरुवातीला परमाणू मोजले कोणी? तिथे ते ईश्वराची बुद्धी आणतात. काकांना हवी होती ती साखळी इथे पूर्ण आहे. फक्त ती एका दर्शनाची गृहीतकं आणि युक्तिवाद म्हणून मांडा, ‘गणिताने सिद्ध’ म्हणून नको. मीमांसक आणि बौद्धांनी याच दर्शनाशी कडकडून वाद घातले आहेत, तेही एका वाक्यात सांगा.

आता कार्यक्रम. एका तासाचा धरा आणि बोलण्यापेक्षा करायला जास्त द्या. तीन गोष्टी पुरेत, चौथी घालू नका.

पहिली: दोन-दोन माणसांत २५ चिंचोके. एक चिंचोका ठेवा. त्याच्या उजवीकडे एक, वर एक आणि कोपऱ्यात एक, असे ३ लावा. २ बाय २ चा चौरस झाला. मग ५, मग ७, मग ९. दर वेळी चौरस. १ + ३ + ५ + ७ + ९ = २५. लोक हमखास मधोमध सुरुवात करून चारी बाजूंनी वाढवायला जातात आणि मग त्या पट्टीचे ३ चिंचोके पुरत नाहीत. कोपऱ्यातून सुरू करा असं आधीच सांगा. तिसऱ्या-चौथ्या पट्टीला कोणीतरी ‘हे असंच होत राहणार’ म्हणेल. तिथे थांबवून विचारा: तुम्ही तीन-चारच पट्ट्या लावल्यात, मग ‘सगळ्या’ पट्ट्यांचं कशावरून म्हणता? उत्तर पट्टीच्या रचनेत आहे: चौरसाची बाजू न असेल तर उजवीकडे न, वर न आणि कोपऱ्यात १, म्हणजे २न + १, नेहमीच पुढची विषम संख्या. हे दिसणं खरं ठरतं.

दुसरी: कागदावर वर्तुळ. १२ सेंटीमीटरहून लहान नको, नाही तर मधला बारका तुकडा पेन्सिलीच्या रेघेत बुडतो. डब्याचं झाकण चालेल. परिघावर २ बिंदू घेऊन जोडा: वर्तुळाचे २ भाग. ३ बिंदू, सगळे सगळ्यांशी जोडून: ४. चार बिंदू: ८. पाच: १६. आता सहाला किती, हात वर करा. सगळे ३२ म्हणतील. मोजा: ३१. सातला ५७. इथे गडबड होते ती बिंदू सारख्या अंतरावर ठेवल्याने. तसं केलं तर तीन कर्ण एकाच बिंदूत छेदतात, एक भाग गिळला जातो आणि ३० येतात. बिंदू मुद्दाम वेडेवाकडे ठेवायला सांगा. आणि मग विचारा: चिंचोक्यांच्या वेळी ‘कळलं’ असं जे आत झालं, आणि ३२ म्हणताना जे झालं, त्यात काही फरक जाणवला का? बहुतेकांना जाणवणार नाही. अख्ख्या कार्यक्रमात चैतन्याबद्दलचं सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच असेल: खात्रीची जाणीव दोन्ही वेळा सारखीच होती, एकदा ती खरी ठरली, एकदा खोटी.

तिसरी, माझी आवडती: आलेख कागदावर समभुज त्रिकोण काढा, पण तिन्ही शिरोबिंदू खणांच्या कोपऱ्यांवरच हवेत. दहा मिनिटं द्या. कोणीतरी (०, ०), (८, ०) आणि (४, ७) काढून आणेल आणि ‘झाला’ म्हणेल. डोळ्याला झालेलाच असतो. १ सेंटीमीटरच्या खणांवर पट्टीने मोजलं तर पाया ८ आणि उरलेल्या दोन बाजू ८.०६, पेन्सिलीच्या जाडीएवढाच फरक. पण ४² + ७² = ६५ आणि ८² = ६४. एकाने चुकलं. कोणी चिकाटीने (३०, ०) आणि (१५, २६) काढेल: ९०१ आणि ९००. पुन्हा एकानेच! शुल्बसूत्रांतल्या, म्हणजे यज्ञवेदी रचण्याच्या जुन्या ग्रंथांतल्या, चौरसाच्या कर्णाचंही असंच आहे. त्यांच्या नियमाने ४०८ बाजूला कर्ण ५७७ येतो, ५७७² होतात ३,३२,९२९ आणि हवे असतात ३,३२,९२८. वेदी बांधायला हे उत्तम, दोरीला तो फरक कळतही नाही. खणांवर समभुज त्रिकोण मात्र कधीच बसणार नाही, आणि त्याची सिद्धता तुमच्या नववीच्या मुलांनाही झेपते. शिरोबिंदू खणांच्या कोपऱ्यांवर असतील तर त्रिकोणाभोवती आयत काढून काटकोन त्रिकोण वजा करा. क्षेत्रफळ पूर्ण संख्या किंवा तिचं अर्ध येतं. पायथागोरसने बाजूचा वर्गही पूर्ण संख्या. पण समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ √३/४ गुणिले बाजूचा वर्ग. मग √३ परिमेय व्हायला हवा. तो नाही.

इथे डोळा हो म्हणाला आणि हिशेब नाही म्हणाला. भूमिती आणि अंकगणित यांचं नातं मला विचाराल तर या ६४-६५ मध्ये आहे: आकृती प्रश्न सुचवते, आकडा निवाडा देतो, आणि कधीकधी, चिंचोक्यांसारखं, आकृतीच निवाडाही देऊन टाकते. कोणती वेळ कुठली हे आधी सांगता येत नाही. मग अपेक्षाबुद्धीवर दहा मिनिटं, आणि प्रश्नोत्तरं. ‘म्हणजे चैतन्य नाही का?’ असं कोणीतरी विचारेलच. ‘आज आपण जे केलं त्यावरून ते ठरत नाही’ एवढं उत्तर पुरे. वाद वाढवू नका.

काकांशी बोलणं कार्यक्रमाआधी, एकट्याने, आणि शक्यतो त्यांच्या घरी जाऊन करा. चारचौघांत त्यांचा कागद खोडलात तर गोडेल राहील बाजूला, मानापमान सुरू होईल. साधारण असं म्हणा: “काका, गणिताने चैतन्य सिद्ध झालं असं शिक्षक म्हणून मला म्हणता येणार नाही, कारण गोडेल स्वतःही तसं म्हणाला नाही. पण अंक, आकृती आणि जाणीव यांवर मी तासभर बोलते, वैशेषिकांचा भाग घेते आणि सगळ्यांच्या हातात चिंचोके देते.” शीर्षक तुम्ही द्या, ‘दिसतं ते आणि सिद्ध होतं ते’ असं काहीतरी, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. पत्रिका छापून आल्यावर शीर्षक बदलायला सांगणं म्हणजे नवा वाईटपणा. ते जुन्याच शीर्षकावर अडून बसले, तर ‘या विषयाची माझी तयारी नाही’ म्हणून नम्रपणे सुटा. ते खोटंही नाही, त्या विषयाची तयारी कोणाचीच नाही. सासऱ्यांना मात्र आधी विश्वासात घ्या. काकांचा फोन त्यांनाच येणार आहे.

नववीतल्या त्या मुलाला टाळू नका, त्याचा प्रश्न प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ झेनोइतका जुना आहे. युक्लिड रेषेला बिंदूंची बनवत नाही. रेषेची टोकं बिंदू असतात, एवढंच म्हणतो. एक मीटरची रेघ निम्मी करत जा, कितीही वेळा केलीत तरी हातात रेघच येते, बिंदू येत नाही. रेषा म्हणजे बिंदूंचा संच ही मांडणी एकोणिसाव्या शतकातली, डेडेकिंड आणि कँटर या गणितज्ञांच्या काळातली, आणि तिथेही लांबी बिंदूंच्या लांब्या मिळवून काढत नाहीत. शून्यात शून्य मिळवत गेलं की शून्य, हा नियम एक-दोन-तीन असं मोजत जाता येतं तिथवरच चालतो. रेषेवरचे बिंदू तसे क्रमाने मोजून संपवता येत नाहीत, हे कँटरने १८७४ मध्ये सिद्ध केलं. वर्गात एवढं सांगितलं तरी चालेल: “लांबी बिंदूत नसते, दोन बिंदूंमधल्या अंतरात असते, आणि म्हणूनच पुस्तकात अंतर पहिल्यांदा शिकवलंय.”

शिकण्याबद्दल. पंचेचाळीस हे वय आड येत नाही, घाई येते. लगेच पदवीच्या मागे लागू नका. आधी युक्लिडच्या पहिल्या भागातली ४८ विधानं आठवड्याला एक या गतीने स्वतः लिहून काढा, वर्ष जाईल. वहीत तीन रकाने करा: काय दिसलं, काय सिद्ध झालं, काय न सांगता मानलं. पहिल्याच विधानात दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात हे युक्लिडने न सांगता मानलंय. ते तुमच्या तिसऱ्या रकान्यात आपणहून आलं, तर तुम्ही बरोबर चालला आहात असं समजा. सोबत अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह घ्या, न्याय-वैशेषिकांची ओळख करून देणारा छोटा ग्रंथ आहे, आणि त्यातले संख्या आणि परिमाण हे गुण आधी वाचा. शाळेतल्या संस्कृतच्या शिक्षकांबरोबर बसलात तर दोघांचाही फायदा. कांट आणि फ्रेगेवरच्या नोंदींसाठी मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट आहे. गोडेलकडे शेवटी या, आणि तेव्हा लोकप्रिय पुस्तकाऐवजी तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून या, कारण ‘सुसंगत’ आणि ‘खरं’ यांतला फरक लोकप्रिय पुस्तकं फार लवकर ओलांडून जातात. वर्षभराने ओढ टिकलेली असली, तर इग्नूचं तत्त्वज्ञानातलं एमए नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने करता येतं. अर्ज भरायच्या आधी अभ्यासक्रमात तर्कशास्त्राच्या आणि भारतीय दर्शनांच्या पत्रिका कुठल्या आहेत ते तेवढं बघून घ्या.